मानवी चांद्रमोहिमा आणि महाराष्ट्रातील खासगी उद्योग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक : चांद्रमोहिमांचा इतिहास बहुधा राष्ट्रांच्या स्पर्धेचा इतिहास म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो कारखान्यांचाही इतिहास आहे. १९६९ मध्ये मानव ज्या यानातून चंद्रावर उतरला, ते ग्रमन या खासगी कंपनीने बांधले होते. मात्र यानाची मालकी व मोहिमेचे संचालन नासाकडे होते.

विवेचन : भारतातही हीच पद्धत रुजली. साखर उद्योगासाठी वसलेल्या वालचंदनगरात अग्निबाणांची आवरणे, तर विक्रोळी येथे गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ इंजिने तयार होऊ लागली. २०२३ मध्ये चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ अग्निबाणात या दोन्ही कारखान्यांचे श्रम आहेत. मानवी ‘गगनयान’ मोहिमेसाठीही हाच अग्निबाण निवडण्यात आला आहे.

दरम्यान जागतिक व्यवहार बदलला. नासाने २०२१ मध्ये स्पेसएक्स व २०२३ मध्ये ब्लू ओरिजिन यांच्याकडून यान नव्हे, तर चंद्रावर उतरविण्याची सेवा विकत घेण्याचे ठरविले. युरोपने ओरायन यानाचा सेवाकक्ष पुरवून आपल्या अंतराळवीरांसाठी स्थान मिळविले. भारताने २१ जून २०२३ रोजी आर्टेमिस करारावर स्वाक्षरी केली. परंतु हा करार तत्त्वांचा आहे, त्यातून यानातील जागा मिळत नाही.

निष्कर्ष : २०४० पर्यंत भारतीयाला चंद्रावर पाठविण्याचे उद्दिष्ट घोषित झाले आहे. सुटे भाग पुरविणारा उद्योग भागीदार होईल काय, हा खरा प्रश्न आहे. ओतकामाची दीर्घ परंपरा असलेल्या कोल्हापूरनेही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.