तारेचा नंबर

केकवर डोलणारी फुलपाखरं, सोनेरी तारेत वळवलेलं बाळाचं नाव, साखरेच्या पाकळ्यांचा गुलाब. अंधेरी ते मुलुंड, घरून केक करणाऱ्या कुणाचंही इन्स्टा उघडा, यातलं काहीतरी दिसणारच. लोक म्हणतात, ही परदेशी फॅशन. अर्धं खरं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नाच्या केकवर ब्रिटानियाची मूर्ती उभी होती, तेव्हा केकच्या डोक्यावर काहीतरी बसवायची हौस तिकडचीच. पण साखर आणि तार यांची गाठ आपल्या घरांत संक्रांतीलाच पडलेली आहे.

हलव्याचे दागिने आठवा. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर हलवत राहायचा आणि वर थोडा थोडा पाक सोडायचा. घाई केली की काटे येत नाहीत. तयार हलवा दोऱ्यात ओवला की हार होतो, पण दोऱ्याला स्वतःचा आकार नसतो. बांगडी गोल राहायला, मुकुट ताठ उभा राहायला आत पुठ्ठा लागतो, नाहीतर तार. साखर वजनदार आणि ठिसूळ, म्हणून तार वाकली पाहिजे पण परत सरळ होता कामा नये. साखरेच्या फुलाचं गणितही नेमकं हेच.

आता नंबराबद्दल, कारण माझ्यातल्या इंजिनीअरला इथेच मजा वाटते. तार ओढून बनते. सोनार जिला जंत्री म्हणतो, त्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ती एकेका लहान भोकातून खेचत न्यायची. जितक्या वेळा ओढली तितका नंबर मोठा, म्हणून नंबर वाढला की तार बारीक. पूर्वी प्रत्येक कारखान्याचा हिशोब वेगळा होता. ब्रिटिश सरकारने १८८३ साली हुकूम काढला आणि १ मार्च १८८४ पासून एकच स्टँडर्ड वायर गेज लागू झालं. (भारतातला पहिला ख्रिसमस केक तलश्शेरीत १८८३ सालीच भाजला गेला असं सांगतात. योगायोग, दुसरं काही नाही.) अमेरिकेचं गेज मात्र १८५७ पासून वेगळंच. त्यामुळे ब्रिटिश १८ नंबर म्हणजे १.२२ मिलिमीटर आणि अमेरिकन १८ म्हणजे १.०२. अमेरिकन व्हिडिओ बघून जड गुलाबाचा देठ करायचा असेल, तर हा फरक हाताला कळतो. देठाला १८-२० नंबर, नाजूक पाकळीला २८-३०.

पण बांगडी आणि केक यांत एक मोठा फरक आहे. बांगडी कुणी कापून ताटलीत वाढत नाही.

गेल्या वर्षी भाचीच्या वाढदिवसाला आमच्याकडे जवळच्या दुकानातून केक आला. वर फुलपाखरं होती, तारा थेट क्रीममध्ये खुपसलेल्या. एक तार कापताना तुटली आणि तिचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा एका मुलाच्या ताटलीत गेला. त्याच्या आईने तो वेळीच पाहिला. दुकानदार म्हणाला, सगळे असंच लावतात. असंच लावत असतील, पण फुलांची तार बहुतेक साध्या लोखंडाची, वर रंगीत कागद गुंडाळलेला. ओल्या, आंबट क्रीममध्ये कागदाचा रंग सुटतो, लोखंड गंजतं. जाणकार केकवाले तार आधी स्ट्रॉमध्ये किंवा खास प्लॅस्टिकच्या नळीत घालतात, तोंड बंद करतात आणि मग ती नळी केकमध्ये रोवतात. दोन मिनिटांचं काम.

चहाच्या पिशवीतल्या स्टेपल पिना बंद करा, असं एफएसएसएआयने २०१७ साली सांगितलं, ते याच भीतीने. पिन म्हणजे तारेचा तुकडाच. पिशवी तर आपण खातही नाही, नुसती बुडवतो.

आजी बोरनहाणाचे दागिने करायची तेव्हा बाळाच्या अंगावर तार कधीच नसायची. सगळं जाड दोऱ्यात, आणि मुकुटाला पुठ्ठा. मोठ्यांच्या बाजूबंदाला तार चालायची, तिचं टोक ती पक्कडीने आत वळवून वर दोरा गुंडाळायची. बाळ दागिना चोखणारच, हे तिने धरलेलंच असायचं. केकची ऑर्डर देताना मी हल्ली फ्लेवरच्या आधी विचारतो, वरची तार कशात रोवणार? निम्म्या वेळा उत्तराऐवजी डिझाइनचे आणखी चार फोटो येतात.