आगकाड्या, अक्षरे आणि चलचित्र

अंबरनाथ म्हटले की शिवालय आठवते, तशी आगपेटीही आठवते. 1922 मध्ये परदेशी आगपेट्यांवर जबर आयात-कर बसला. तेव्हा स्वीडनच्या आगपेटी उद्योगाने भारतातच उत्पादन करायचे ठरवले आणि त्यातून वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे ‘विमको’चा, कारखाना अंबरनाथला उभा राहिला. तो आता बंद आहे. नाव मात्र नाक्याला चिकटून राहिले आहे.

त्याच्याही आधी, आपल्याकडे आगकाड्या मुख्यतः स्वीडन आणि जपानमधून येत असत तेव्हा, एका मराठी माणसाने त्यांना पडद्यावर नाचवले होते. दादासाहेब फाळके यांचा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट 1915 च्या सुमाराचा. फ्रान्समध्ये एमिल कोल याने 1908 मध्ये असाच प्रयोग केला होता.

काडी चालते कशी?

युक्ती साधी आहे. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचे. मूकपटांच्या काळात सेकंदाला सुमारे 16 चित्रे दाखवीत. एवढ्या वेगाने ती आली की डोळ्यांना आणि मेंदूला सलग हालचाल भासते. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशाच एकेका चित्रातून टिपली होती. समजा, तासाला एक चित्र घेतले, तर 30 दिवसांत 720 चित्रे होतील आणि महिनाभराची वाढ 45 सेकंदांत दिसेल.

‘आगकाड्यांची मौज’ची प्रत मात्र आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई आणि न पेटताही सडत जाई. पण कल्पना करा, प्रत्येक चित्रात कोणती काडी कुठे होती हे कोणी वहीत लिहून ठेवले असते, तर? फिल्म गेली तरी आपल्याला नव्या काड्या घेऊन तो पट पुन्हा उभा करता आला असता.

अक्षरांचा चित्रपट

चलचित्र असे ‘लिहून’ ठेवण्याची कल्पना संगणकामुळे प्रत्यक्षात आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन नोल्टन यांनी 1963 मध्ये ‘बेफ्लिक्स’ नावाची भाषा तयार केली. तिच्या आज्ञा कार्डांवर छिद्रे पाडून संगणकाला देत. पडद्याचे 252 गुणिले 184 चौकोन कल्पिलेले असत आणि प्रत्येक चौकोनाला 8 पैकी एक छटा मिळे. चित्र उमटवणारे यंत्र मुळात अक्षरे उमटवणारे होते: इलेक्ट्रॉनांचा झोत अक्षरांच्या आकाराची छिद्रे असलेल्या पट्टीतून जाई आणि पडद्यावर ते अक्षर दिसे. समोरचा कॅमेरा ते टिपून फिल्म एक घर पुढे सरकवी. अक्षरांचे चलचित्र फिल्मवर उतरवण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण.

पुढे 1978 मध्ये आलेल्या व्हीटी-100 या टर्मिनलवर 24 ओळी आणि दर ओळीत 80 अक्षरे मावत. मजकुरातच काही गुप्त खुणा घालता येत: ‘कर्सर पाचव्या ओळीत ने’, ‘पडदा पूस’. अशा खुणा पेरलेली मजकुराची फाइल पडद्यावर सोडली की अक्षरे धावू लागत.

यात काटकसर किती होते पाहा. 80 गुणिले 24 म्हणजे 1,920 अक्षरे, म्हणजे 1,920 बाइट. तेच दृश्य 640 गुणिले 480 बिंदूंचे रंगीत चित्र म्हणून साठवले, तर प्रत्येक बिंदूला 3 बाइट धरून 9,21,600 बाइट लागतात. बरोबर 480 पट!

मग व्हिडिओ कशाला?

कारण मजकुराची फाइल म्हणजे नुसती कृती आहे, पदार्थ नव्हे. पाहणाऱ्याच्या संगणकावर अक्षरांची रुंदी वेगळी असली की ओळी सरकतात आणि चित्र मोडते. म्हणून ‘आस्किनेमा’सारखी साधने आधी मजकूर आणि त्याची वेळ नोंदवतात. त्यानंतर दुसरे साधन प्रत्येक क्षणाचा पडदा ठरावीक टंकात रंगवून चित्र तयार करते. शेवटी ‘एफएफएमपेग’सारखे साधन ही चित्रे ओळीने लावते आणि लगतच्या चित्रांत जे बदलले तेवढेच मुख्यत्वे साठवून व्हिडिओ आटोपशीर करते. तीच फाळक्यांची रीत, फक्त काड्यांऐवजी अक्षरे.

आपल्या लिपीत अडचण अधिक. ‘क्षि’ हे दिसायला एक अक्षर. पण युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशा चार संकेतांचे बनते. एका संकेताला एक घर, या रोमन लिपीच्या हिशेबात ते बसत नाही. शिवाय 1990 च्या दशकात कितीतरी मराठी मजकूर खासगी टंकांच्या आपापल्या संकेतांत टाइप झाला. तो टंक हाताशी नसेल तर आज पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. फाइल शाबूत, पण मजकूर हरवलेला!

अंबरनाथच्या शिवालयातील शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, लेख अभ्यासकांना वाचता आला, कारण तिथे अक्षराचा आकारच दगडात कोरलेला आहे. व्हिडिओही असाच आकार गोठवतो. पण गोठवलेल्या आकारात दुरुस्ती करता येत नाही, आणि व्हिडिओचे प्रकारही जुने होतात.

तेव्हा विद्यार्थ्यांनी असे काही केले, तर दोन्ही जपावे: दाखवण्यासाठी व्हिडिओ, आणि पुन्हा घडवण्यासाठी युनिकोडमधील मूळ मजकूर. सोबत टंकाचे नाव आणि सेकंदाला किती चित्रे, हेही लिहून ठेवावे. संगणक नसला तरी सुरुवात अडत नाही. चौकटीच्या वहीच्या 16 पानांवर ‘ट’ हे अक्षर दर पानाला एक घर पुढे लिहा आणि पाने भराभर सोडा. ‘ट’ चालू लागेल. मग कोणते अक्षर कोणत्या घरात होते त्याची यादी शेजारच्या वर्गाला द्या आणि केवळ यादीवरून त्यांना तेच चलचित्र करता येते का, ते पाहा.