मज्जातंतू व स्नायूंचे विद्युत्‌परीक्षण

मज्जातंतूंतून जाणारा विद्युत्‌संदेश आणि तो पोचल्यावर स्नायूत उमटणारा प्रतिसाद मोजून विकाराची जागा, प्रकार व तीव्रता ठरवण्याची पद्धत. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा, शक्ती कमी होणे, स्नायू वाळणे किंवा आपोआप फडफडणे अशा तक्रारींमध्ये ती उपयोगी पडते. तिचे मुख्य भाग दोन : मज्जातंतूंच्या वहनाची तपासणी (दवाखान्यात बहुधा ‘एनसीव्ही’) आणि सुईने केलेले स्नायूंचे आलेखन (ईएमजी). रुग्ण या दोन्हींना मिळून ‘करंटची तपासणी’ म्हणतात. प्रत्यक्षात करंट फक्त पहिल्या भागात दिला जातो. दुसऱ्या भागातली सुई काहीच सोडत नाही, स्नायूतली वीज तेवढी टिपते.

इतिहास : बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोगांचे निष्कर्ष १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि स्नायूंचे आकुंचन व वीज यांचा संबंध चर्चेत आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी माणसाने आपणहून आवळलेल्या स्नायूतील प्रवाह नोंदवला. त्वचेच्या रोधामुळे गॅल्व्हानोमापकाचा काटा जेमतेम हले, म्हणून त्यांनी हातावर फोड आणून वरची कातडी काढली आणि पुन्हा मोजले. संदेशाचा वेग मोजता येणार नाही असे योहानेस म्यूलर यांच्यासारख्या थोर शरीरक्रियातज्ज्ञाचे मत होते. त्यांचेच शिष्य हेरमान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतील वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर भरतो असे दाखवून दिले. एड्रियन व ब्रॉंक यांनी १९२९ मध्ये समकेंद्री सुई वापरली. आजच्या ईएमजीची सुई तिचीच वंशज आहे. रुग्णांच्या मज्जातंतूंचे वहन मोजण्याची रीत मात्र १९४० नंतरच्या दशकात रुळू लागली.

वहनाची तपासणी : मज्जातंतूवर त्वचेच्या बाहेरून क्षणभर, मिलिसेकंदाच्या एकदशांशाइतका, विद्युत्‌धक्का देतात आणि पुढे स्नायूवर किंवा बोटावर लावलेल्या पट्ट्यांनी प्रतिसाद टिपतात. सगळे तंतू उद्दीपित होईपर्यंत धक्का वाढवत नेतात. तो पुरेसा नसेल तर निरोगी मज्जातंतूही अशक्त दिसतो. वेगाचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. मनगटाशी धक्का दिल्यावर अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद ३.५ मिलिसेकंदांनी आला, कोपराशी दिल्यावर ७.५ मिलिसेकंदांनी आला आणि दोन जागांमधले अंतर २२ सेंटिमीटर असले, तर वेग सेकंदाला ५५ मीटर. निरोगी प्रौढाच्या हातात तो साधारणपणे ५० च्या वर आणि पायात ४० च्या वर असतो.

वेगापेक्षाही प्रतिसादाची उंची कधी कधी जास्त सांगते. तंतूभोवतीचे मायेलिन आवरण बिघडले की संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच अडतो. आतला अक्षतंतूच मेला तर उरलेले तंतू बऱ्यापैकी वेगाने संदेश नेतात, पण प्रतिसाद खुजा होतो. गीयाँ-बारे विकाराच्या नेहमीच्या प्रकारात पहिले चित्र दिसते, मधुमेहाच्या जुन्या रुग्णांत बहुधा दोहोंचे मिश्रण. मनगटाशी मध्यम मज्जातंतू दबला असेल (कार्पल टनेल), तर अनामिकेची तपासणी फार बोलकी ठरते. तिची संवेदना मध्यम व अंतर्प्रकोष्ठीय अशा दोन्ही मज्जातंतूंकडून येते, त्यामुळे एकाच बोटावर दोघांची शर्यत लावता येते. अर्ध्या मिलिसेकंदाचा फरकही तिथे अर्थपूर्ण असतो.

या साऱ्यात एक साधी गोष्ट वारंवार दुर्लक्षित राहते : हाताचे तापमान. त्वचा एका अंश सेल्सियसने थंड झाली की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने उतरतो. वातानुकूलित खोलीत तासभर बसलेल्या माणसाचे गार हात ऊब न देता तपासले, तर नसलेला विकार कागदावर येतो. अहवालात तापमानाची नोंद नसेल तर आकडे जपूनच वाचावेत.

सुईची तपासणी : स्नायू सैल असताना, सुई टोचल्याच्या क्षणिक खळबळीनंतर, निरोगी स्नायू विजेच्या दृष्टीने गप्प असतो. मज्जातंतूपासून तुटलेले स्नायुतंतू मात्र आपापले स्पंदू लागतात. ध्वनिवर्धकातून ऐकताना पत्र्यावर टपटपणाऱ्या पावसासारखा आवाज येतो. अनुभवी तपासनीस पडद्याइतकाच कानावर विसंबतो. मग रुग्णाला स्नायू हळूहळू आवळायला सांगतात. मज्जातंतूचा विकार जुना असेल तर वाचलेले तंतू अनाथ स्नायुतंतूंना दत्तक घेतात, म्हणून लहरी थोड्या पण उंच व रुंद दिसतात. मूळ विकार स्नायूचाच असेल तर त्या बुटक्या व अरुंद होतात आणि थोड्याशा जोरालाही गर्दी करतात.

जागेचा शोध : या तपासणीचे खरे कसब पाऊल लोंबकळण्यासारख्या तक्रारीत दिसते. दोष कमरेत, पाचव्या कटिमुळाशी असेल, की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मज्जातंतू हाडाला अगदी लागून जातो? तासन्‌तास उकिडवे बसून काम करणाऱ्यांत, मांडी घालून बसणाऱ्यांत आणि झपाट्याने वजन उतरलेल्यांत तो गुडघ्यापाशी दबतो. कुष्ठरोगातही याच जागी इजा होते. उलगडा दोन गोष्टींनी होतो. संवेदी पेशींचा गुच्छ मणक्याच्या छिद्रापाशी असतो आणि मूळ दबते ते बहुधा त्याच्या आतल्या, मज्जारज्जूकडच्या बाजूला. गुच्छापासून पायापर्यंतचा धागा शाबूत राहतो, म्हणून पाऊल बधिर असूनही संवेदी प्रतिसाद उत्तम येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाऊल आत वळवणारा पोटरीतला खोल स्नायू. त्याला याच मुळातून पण वेगळ्या मज्जातंतूतून पुरवठा होतो; सुईला तिथे बिघाड सापडला, तर गुडघ्याला दोष देता येत नाही. कमरेच्या एमआरआयमध्ये सरकलेली चकती दिसली म्हणजे तीच गुन्हेगार असे मानून शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी हे पाहिलेले बरे; चाळिशीनंतर तशा चकत्या कसलाही त्रास नसलेल्यांतही दिसतात.

वेळ : इजा झाल्या दिवशी केलेली तपासणी बहुतेक वेळा फसवते. तुटलेल्या मज्जातंतूचा खालचा तुकडा काही दिवस संदेश नेत राहतो. स्नायूचा प्रतिसाद साधारण आठवड्याभरात विझतो, संवेदी प्रतिसाद त्यानंतर, आणि सुईला सापडणारी स्पंदने यायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून अपघातानंतर सुमारे तीन आठवड्यांनी केलेली तपासणी सर्वांत जास्त सांगते. गीयाँ-बारेत पहिल्या आठवड्यातला निर्दोष अहवाल विकार नाही असे सिद्ध करत नाही.

मज्जातंतू-स्नायू संधी : मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेचा दोष शोधण्यासाठी सेकंदाला दोन-तीन या गतीने धक्के देतात. चौथा प्रतिसाद पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटला तर मायस्थेनियाचा (स्नायू लवकर थकण्याच्या विकाराचा) संशय बळावतो. फ्रीड्रिख योली यांनी ही थकणारी प्रतिक्रिया १८९५ मध्येच वर्णिली होती. संशय असून घट दिसली नाही तर एकेका स्नायुतंतूची सूक्ष्म तपासणी करतात. ती अधिक संवेदनक्षम, पण वेळखाऊ आणि कुशल हात मागणारी. नाग व मण्यार यांचे विष याच संधीवर घाव घालते. पापण्या जड होऊन श्वास मंदावणाऱ्या रुग्णाला अर्थातच यंत्रापुढे बसवत नाहीत. तिथे प्रतिविष आणि श्वासाचा आधार आधी.

मर्यादा : यंत्र मोजते ते जाड तंतूंना. तळपायांची आग करणाऱ्या बारीक तंतूंचा विकार त्याच्या हाती लागत नाही, त्यासाठी त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ड्युशेन स्नायुविकारात रक्तातील क्रिएटिन कायनेज आणि जनुक तपासणीने निदान होते, लहान मुलाला सुया टोचण्याची गरज क्वचितच उरते. कुष्ठरोगाचे निदान मुख्यतः चट्टा, त्यावरील बधिरपणा आणि हाताला लागणारा जाड मज्जातंतू यांवरच होते. हल्ली दबलेला किंवा सुजलेला मज्जातंतू सोनोग्राफीतही दिसतो. ती विद्युत्‌परीक्षणाची जोड आहे, बदली नव्हे.

तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. त्या दिवशी अंगाला तेल वा क्रीम लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असल्यास आधी सांगावे, आणि मायस्थेनियाच्या गोळ्या थांबवायच्या की नाहीत हे डॉक्टरांनाच विचारावे. फेरतपासणीला जाताना जुन्या अहवालाचे शेवटचे पान नव्हे, आकड्यांची व लहरींची सगळी पाने सोबत न्यावीत.