उतारावरचें चिलखत

थोड्या दिवसांपूर्वीं माझ्या नातवानें मला एका शर्यतीचें चलच्चित्र दाखविलें. स्थळ स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम. डोंगरावरून एक सायकलस्वार दगडधोंड्यांतून असा कांहीं खालीं येत होता कीं, माझा हात नकळत खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला. सुमारें पावणेतीन किलोमीटरांचा मार्ग, पांचशें मीटरांहून अधिक उतार, आणि हें सारें पांच मिनिटांच्या आंत! परंतु माझें लक्ष वेधलें तें त्याच्या वेगानें नव्हे, तर त्याच्या वेषानें. हनुवटीपासून माथ्यापर्यंत डोकें झांकणारें शिरस्त्राण, डोळ्यांवर मोठा चष्मा, छातीपाठीवर कवच, कोपरांना व गुडघ्यांना जणूं लहान ढाली, हातांत मोजे. मीं विचारलें, "अरे, हा खेळाडू कीं बखरींतला स्वार?" नातू म्हणाला, "आजोबा, एवढें घातल्याखेरीज त्याला तेथें उभेंच करीत नाहींत."

नातवाचें म्हणणें पुरतें खरें नव्हतें, हें मागाहून कळलें. परंतु त्या निमित्तानें मी या चिलखताचा इतिहास शोधूं लागलों आणि शिक्षकाच्या जुन्या खोडीप्रमाणें त्यांत गुंतून गेलों. तो आज आपणांस सांगावा असा विचार आहे.

डोंगरउताराच्या सायकलशर्यतीचें उगमस्थान म्हणून अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवितात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस फेअरफॅक्स नांवाचें गांव आहे. जुन्या काळच्या जाड टायरांच्या, वजनदार सायकली मिळवावयाच्या, डोंगरावर न्यावयाच्या आणि उतारावर सोडावयाच्या, असा नाद तेथील कांहीं तरुणांना लागला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. मार्ग सुमारें साडेतीन किलोमीटर, उतार चारशें मीटरांच्या आसपास. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे व पॅडल उलटें दाबून तो लावावा लागे. खालीं पोंचेपर्यंत तो इतका तापे कीं, आंतलें ग्रीस जळून धूर निघे, आणि मग हब उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. या पुन्हा भरण्याला इंग्रजींत 'रीपॅक' म्हणतात. तेंच नांव त्या रस्त्याला चिकटलें. पहिली शर्यत ॲलन बाँड्स यानें जिंकली. कारण इतकेंच कीं, न पडतां खालीं पोंचलेला तो एकटाच होता!

आणि या मंडळींचा वेष कसला? जाड कापडाची विजार, कामगारी बूट, जाडाभरडा सदरा आणि कातडी हातमोजे. बहुतेकांचीं डोकीं उघडीं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली हीं नांवें पुढें सायकलीच्या इतिहासांत गाजलीं. पण त्या दिवसांत हे सारे बोडक्या डोक्यांचे पोरगेलेसे वीर होते.

येथें एक प्रश्न सहज उद्भवतो. डोकें वांचविण्याची विद्या १९७६ सालीं जगाला ठाऊक नव्हती काय? होती, चांगली साठ वर्षें ठाऊक होती. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमैदानावर काम करणारे वैद्य एरिक गार्डनर यांनीं मोटारसायकलस्वारांचीं फुटलेलीं डोकीं पाहून कॅनव्हास व लाख यांचा एक टणक टोप बनवून घेतला. १९१४ च्या आइल ऑफ मॅन येथील शर्यतींत तो सक्तीचा झाला. प्रारंभीं स्वारांनीं नाकें मुरडलीं, परंतु नियम टिकला. शर्यतीबाहेरील रस्त्यावर मात्र कोणीं त्याची फारशी पर्वा केली नाहीं.

पुढें १३ मे १९३५ रोजीं, अरबस्तानांतील पराक्रमामुळें प्रसिद्ध झालेला लॉरेन्स, डॉर्सेट परगण्यांत मोटारसायकलीवरून जात असतां सायकलवरच्या दोन मुलांना चुकवितांना फेंकला गेला. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवस बेशुद्धींत राहून १९ मे रोजीं तो वारला. त्याच्या उपचारासाठीं बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. एवढा मोठा पुरुष आपल्या डोळ्यांदेखत गेला आणि आपली विद्या तेथें उपयोगी पडली नाहीं! केर्न्स केवळ हळहळत बसले नाहींत. त्यांनीं मोजावयास प्रारंभ केला. १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं दाखविलें कीं, युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्यें २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागें बसणारे रस्त्यावर मृत्युमुखीं पडले होते. आणि ज्या थोड्या स्वारांनीं टोप घातले होते, त्यांच्या मेंदूच्या इजा तुलनेनें सौम्य होत्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश सैन्यानें आपल्या मोटारसायकलस्वारांना टोप सक्तीचा केला. सामान्य नागरिकांसाठीं मात्र तसा कायदा होण्यास १९७३ साल उजाडलें. लॉरेन्सच्या मृत्यूपासून अडतीस वर्षें! सत्य सांपडण्यास जितका वेळ लागतो, त्याहून तें पटण्यास अधिक लागतो, तो असा.

आतां या टोपाच्या पोटांत काय असतें, तें पाहूं. पूर्वीं लोकांची समजूत अशी कीं, टोप जितका टणक तितकें डोकें सुरक्षित. ती अर्धीच खरी आहे. कॅलिफोर्नियांतील रॉथ व लोंबार्ड या दोघांनीं १९४७ मध्यें पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९५३ मध्यें त्यांस तें मिळालें. त्यांच्या टोपाला बाहेरून कठीण कवच असून आंत चुरडणारा थर होता. मर्म त्या चुरडण्यांत आहे. वर्गांतल्या फळ्यावर मांडावें तसें साधें गणित करूं. सायकलवरून पडणाऱ्याचें डोकें सुमारें दोन मीटर उंचीवरून खालीं येतें. उघडें डोकें दगडावर आपटून दोन मिलिमीटरांत थांबलें असें धरलें, तर उंचीला त्या अंतरानें भागावें. सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें हजारपट येतो. तेंच आंतला थर दोन सेंटिमीटर दबला, तर झटका शंभरपटीवर येतो. शिरस्त्राण घाव परतवून लावीत नाहीं. स्वतः चुरडून डोक्याला थांबावयास जागा देतें. म्हणूनच एकदां जोरानें आपटलेलें शिरस्त्राण, वरून कितीही धड दिसलें तरी, टाकून द्यावें लागतें.

१९५६ सालीं स्नेल नांवाचा मोटारशर्यतपटू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या मित्रांनीं पुढच्याच वर्षीं शिरस्त्राणांची कठोर परीक्षा घेणारी संस्था स्थापन केली. १९७५ सालीं बेल कंपनीनें सायकलस्वारांसाठीं कठीण कवचाचें व आंत थर्मोकोल असलेलें शिरस्त्राण बाजारांत आणलें. म्हणजे रीपॅकच्या पहिल्या शर्यतीच्या आदल्याच वर्षीं! विद्या दाराशीं येऊन उभी होती. दार उघडावयास उशीर झाला.

पुढें खेळ वाढला, सायकलींना मोटारसायकलीसारखे स्प्रिंगांचे दांडे आले, वेग ताशीं साठ किलोमीटरांच्या पलीकडे गेला. १९९० सालीं अमेरिकेंतील डुरँगो येथें माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली. उताराच्या शर्यतींत पुरुषांत ग्रेग हर्बोल्ड व स्त्रियांत सिंडी डिव्हाइन विजयी झालीं. वेग वाढला तसें नुसतें माथ्याचें शिरस्त्राण अपुरें पडूं लागलें, कारण उतारावर पडणारा मनुष्य तोंडावर पडतो. तेव्हां मोटोक्रॉसच्या स्वारांचें हनुवटी झांकणारें शिरस्त्राण या खेळानें उसनें घेतलें.

याच सुमारास सपाट रस्त्यावरच्या सायकलपटूंचें वर्तन पाहण्यासारखें आहे. १९९१ सालीं त्यांच्यावर शिरस्त्राणाची सक्ती करूं पाहतांच पॅरिस-नीस शर्यतींत त्यांनीं संप केला आणि सक्ती मागें घ्यावी लागली. १९९५ मध्यें टूर द फ्रान्सच्या एका उतारावर फाबिओ कासार्तेली उघड्या डोक्यानें पडून गेला. तरी नियम झाला नाहीं. मार्च २००३ मध्यें त्याच पॅरिस-नीस शर्यतींत आंद्रेई किविलेव्ह गेला, तेव्हां कुठें मे महिन्यांत सक्ती आली. धडा एकच, परंतु तो दोनदां प्राण देऊन गिरवावा लागला.

आतां चिलखताचे इतर भाग. दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर क्रिस लेट यांनीं २००१ मध्यें एका शर्यतीच्या वेळीं मोटारसायकलस्वाराचा मृत्यू जवळून पाहिला. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हां मोटारसायकल शिकूं लागला होता. त्यांनीं खांद्यांवर टेकणारें मानेचें कडें बनविलें; डोकें अतोनात मागें वा बाजूला वळूं लागतांच शिरस्त्राणाची कड त्यावर अडते. आज उतारावरचे अनेक अग्रगण्य स्वार तें वापरीत नाहींत व त्याविषयीं मतभेद आहेत. स्वीडनमधील शस्त्रवैद्य हान्स फॉन होल्स्ट व संशोधक पीटर हाल्डिन यांनीं दुसरी गोष्ट हेरली. तिरक्या आघातानें डोकें फिरतें व तो पीळ मेंदूला बाधतो. म्हणून शिरस्त्राणाच्या आंत किंचित् सरकणारा पातळ थर त्यांनीं बसविला. गुडघ्यांच्या व पाठीच्या पॅडांत तर गंमतीची वस्तु आली आहे. मक्याच्या पिठाचा घट्ट घोळ बोटानें हळूच दाबला तर वाट देतो, पण बुक्की मारली तर दगडासारखा अडतो. तोच गुण अंगीं असलेला मऊ पदार्थ रिचर्ड पामर या इंग्रजानें १९९९ सालापासून विकसित केला. चालतांना मऊ, पडतांना कठीण!

नातवाचें म्हणणें पुरतें खरें नव्हतें असें मीं म्हटलें, तें यासाठीं कीं, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें सक्ती केली आहे ती चेहरा झांकणाऱ्या शिरस्त्राणाची. शर्यतींत आणि सरावांतही. पाठ, कोपर, गुडघे, खांदे व मान यांच्या रक्षणाची ती आग्रहानें शिफारस करते, हुकूम करीत नाहीं. शिवाय कोणतेंही शिरस्त्राण मेंदूला बसणारा प्रत्येक हिसका टाळूं शकत नाहीं. उत्तम कवच घालूनही या खेळांत हाडें मोडतात, कणे दुखावतात. अंगावर कवच चढलें कीं मनुष्य अधिक धाडस करतो, हाही एक धोका आहेच.

आतां शेवटीं एक कबुली. मी शिक्षकीला लागून थोडींच वर्षें झालीं होतीं. आमच्या वर्गांतला एक मुलगा घाटउतारावरून सायकलनें शाळेंत येई. एके दिवशीं तो वडिलांचें स्कूटरचें हेल्मेट घालून आला. तें त्याला फारच मोठें होत होतें. मुलें हंसलीं, आणि श्रोतेहो, मीही हंसलों. "काय रे, लढाईला निघालास काय?" असें म्हणालों. दुसऱ्या दिवसापासून तें हेल्मेट दिसलें नाहीं. सुदैवानें त्या मुलाला कांहीं झालें नाहीं. परंतु तें सुदैव होतें, माझें शहाणपण नव्हे. केर्न्ससारखा माणूस वर्षानुवर्षें आंकडे गोळा करतो, आणि कोठल्या तरी वर्गांतल्या मास्तराच्या एका हंसण्यानें तें सारें वायां जातें.

मीच ज्या तोंडानें त्या मुलाला हंसलों, त्याच तोंडानें दरवर्षीं प्रतापगडचा प्रसंग शिकवीत होतों. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखानाच्या भेटीस जातांना महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत आणि डोक्यावरील वस्त्राखालीं लोखंडी टोप घातला होता. त्यामुळें त्यांच्या धैर्याला उणेपणा आला असें कोणता मराठी मनुष्य म्हणेल? पुढें पुष्कळ कार्य उरलें आहे हें ज्याला ठाऊक असतें, तो डोकें जपतो.

तेव्हां आपल्या घरचा मुलगा वा मुलगी सायकल घेऊन निघतांना डोक्यावर टोप चढवीत असेल, तर हंसूं नका. पट्टा हनुवटीखालीं नीट बसला आहे ना, एवढें मात्र पाहा.