स्वस्त, स्वावलंबी, स्वच्छ

परवा रविवारी भाचीचा फोन आला. ती स्टुटगार्टला असते आणि तिच्या लेकाला शाळेत 'स्वच्छ ऊर्जा' असा काहीतरी प्रकल्प करायचाय. त्यांच्या गावापासून फार लांब नाही असं नेकारवेस्टहाइम नावाचं अणुवीज केंद्र आहे. 15 एप्रिल 2023 ला जर्मनीनं आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, त्यातली एक तिथली.

"मामा, इथले लोक म्हणतात अणुवीज घाण. शेजारी फ्रान्समध्ये म्हणतात स्वच्छ. तू तर तारापूरच्या शेजारी वाढलास. एका वाक्यात सांग, स्वच्छ की घाण?"

मला एका वाक्यात काहीही सांगता येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे (ताई, हसू नकोस). "विचार करून सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि मग दोन दिवस डोक्यात तेच. म्हणून हे लिहायला बसलोय. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण चिंचणीत जन्मलो, तारापूरची खाडी ओलांडली की केंद्राचा मुलूख सुरू. आमच्याकडे 'अणुशक्ती केंद्र' असं भारदस्त नाव कुणी घेत नसे. अमक्याचा मुलगा 'अ‍ॅटमिक'ला लागला, एवढंच. लग्नाच्या बाजारात त्या एका शब्दाला फार वजन होतं!

विचार करता करता एक गंमत लक्षात आली. माझ्या आयुष्यात या केंद्राला तीन विशेषणं लागली, आणि तिन्ही 'स्व'नं सुरू होणारी. केंद्र तेच, विशेषण दर वेळी नवं.

पहिलं स्वस्त. हा आमच्या अण्णांचा शब्द. अण्णा शाळामास्तर, त्यामुळे त्यांना सगळ्याचं गणित मांडायची हौस. मुंबईची वीज मुळात सह्याद्रीच्या पाण्यावरची, म्हणजे टाटांची खोपोली (1915), भिवपुरी (1922), भिरा (1927). गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली, पण डोंगरातलं पाणी तेवढंच. मग कोळसा आणायचा. तो कुठे, तर झरिया-राणीगंजला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. "अरे, कोळशापेक्षा त्याचं गाडीभाडं जड," असं अण्णा म्हणायचे. हे गणित अर्थातच त्यांचं नव्हतं, होमी भाभांचं होतं. खाणीच्या तोंडाशी कोळशाला तोड नाही, पण खाणीपासून इतक्या लांब पश्चिम भारतात अणुवीज त्याच्या बरोबरीला येईल, असं भाभा हिशेब मांडून सांगत. मुंबई आणि अहमदाबाद या दोन्ही गिरणीनगरांच्या मधे, थंड करायला समुद्राचं पाणी हाताशी, म्हणून तारापूर. वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला.

ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेशी करार झाला. अमेरिकेनं अगदी नाममात्र व्याजानं कर्ज दिलं, जनरल इलेक्ट्रिकनं भट्ट्या दिल्या आणि 1964 मध्ये काम सुरू झालं. भाभांना ते पुरं झालेलं बघायला मिळालं नाही, जानेवारी 1966 मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात ते गेले. 28 ऑक्टोबर 1969 पासून दोन्ही भट्ट्या रीतसर वीज देऊ लागल्या.

या सगळ्यात 'स्वच्छ' हा शब्द कुठे आहे? कुठेच नाही. अण्णांच्या तोंडून तरी मी तो कधी ऐकला नाही. तेव्हा धूर म्हणजे प्रगती, ज्या गावात धुरांडं ते गाव सुधारलेलं. हवाईच्या डोंगरावर चार्ल्स कीलिंग नावाचा माणूस 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत बसला होता, पण त्या आकड्यांचा आपल्या विजेशी संबंध आहे हे बोईसरला सोडाच, दिल्लीलाही कुणाच्या मनात नव्हतं.

दुसरं विशेषण लागलं ते नाइलाजानं. तारापूरच्या त्या दोन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं. खाणीतल्या युरेनियमात कामाचा भाग शेकडा 0.7, तो वाढवून दोन-अडीच टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो आणि ती सोय आपल्याकडे नव्हती. म्हणजे शेगडी सुरेख घेतली, पण सिलिंडर एकाच दुकानात मिळणार! 18 मे 1974 ला पोखरणला स्फोट झाला आणि दुकानदाराचा चेहरा बदलला. (मी तेव्हा तिसरीत होतो. शाळेत पेढे वाटले होते. तारापूरच्या इंधनाचं काय होईल असं फक्त अण्णा पुटपुटले होते, ते आईनं नंतर सांगितलं.) 1978 मध्ये अमेरिकेनं नवा कायदा केला की सगळी अणुकेंद्रं तपासणीला खुली करणार नाही त्या देशाला इंधन नाही. 1980 मध्ये अडतीस टनांच्या एका खेपेवरून त्यांच्या संसदेत रण माजलं, एका सभागृहानं नको म्हटलं, दुसऱ्यानं काठावर सोडलं. अडतीस टन! आमच्या मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर दोन-तीन ट्रकमध्ये बसेल एवढा माल, आणि त्यावर दोन देशांच्या राजधान्या जाग्या.

शेवटी 1982 मध्ये तोडगा निघाला की इंधन फ्रान्स देईल. त्यानंतर 1995 मध्ये चीननं दिलं (हो, चीननं), 2001 मध्ये रशियानं. आणि जळून निघालेलं इंधन? ते अमेरिकेनं परतही नेलं नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला संमतीही दिली नाही. ते तारापुरातच पाण्याखाली राखत बसावं लागलं. स्वस्त विजेच्या हिशेबात ही राखण कुठल्या रकान्यात लिहायची, हे अण्णांच्या गणितात नव्हतं. भट्ट्यांची कुरकूरही सुरू झालीच होती. 210 मेगावॅटच्या भट्ट्या ऐंशीच्या दशकात 160 वर आणाव्या लागल्या.

मग स्वावलंबन. साधं, न वाढवलेलं युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणाऱ्या भट्ट्या आपण स्वतः बांधायच्या. यात आपल्या लोकांनी खरंच मोठं काम केलंय, त्याबद्दल मला अभिमान आहे. पण घोषणा कायम कामाच्या पुढे धावल्या. 2000 सालापर्यंत दहा हजार मेगावॅट करणार म्हणून सांगितलं होतं, तेव्हा हाती होते पावणेतीन हजारही नाहीत. तारापूरच्या 4 आणि 3 क्रमांकाच्या भट्ट्या (याच उलट्या क्रमानं!) 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाल्या. प्रत्येकी 540 मेगावॅट, तोवर आपण बांधलेल्यांत सर्वांत मोठ्या.

या दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. समुद्राला लागून असलेली गावं आत नेऊन बसवली. पुनर्वसनाचं भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. माझ्याबरोबर शाळेत असलेला एकजण पोफरणचा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरं विशेषण, स्वच्छ. याचा इतिहास मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण हा शब्द अणुविजेला सहजासहजी मिळालेला नाही. क्योटो करारानंतर श्रीमंत देशांनी गरीब देशांत स्वच्छ प्रकल्प उभारायचे आणि त्याचं श्रेय आपल्या खात्यावर मांडायचं अशी योजना निघाली. 2001 मध्ये मराकेशला तिचे नियम ठरले तेव्हा अणुवीज बाहेर ठेवली गेली. धूर नाही हे मान्य, पण आमच्या पंगतीत नको! आपल्याकडे 2008 हे साल बघा. जूनमध्ये हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात आठ मोहिमा. सूर्य आहे, पाणी आहे, हिमालय आहे, शेती आहे, अणूच्या नावाची मोहीम नाही. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेशी अणुकरारावर सह्या झाल्या, ज्याच्या बाजूनं दिलेल्या युक्तिवादांत 'स्वच्छ वीज' हा शब्द ठळक होता. तीच अमेरिका, तेच युरेनियम.

2015 मध्ये पॅरिसच्या आधी भारतानं जगाला वचन दिलं की 2030 पर्यंत विजेच्या क्षमतेतला 40 टक्के वाटा 'बिगर-जीवाश्म' असेल. शब्द नीट बघा, 'नूतनक्षम' नाही, 'बिगर-जीवाश्म'. कोळसा, तेल, वायू सोडून बाकी सगळं. या एका शब्दानं अणूला पंगतीत पाट मिळाला. 2023 च्या डिसेंबरमध्ये दुबईच्या हवामान परिषदेच्या मुख्य निर्णयात अणुऊर्जेचं नाव पहिल्यांदा आलं. वीसहून जास्त देशांनी 2050 पर्यंत ती तिप्पट करायची शपथ घेतली. (भारतानं त्यावर सही केली नाही, पण फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 2047 पर्यंत एक लाख मेगावॅटचं लक्ष्य स्वतःच जाहीर केलं. आत्ता आहेत आठ-नऊ हजारांच्या आसपास, देशाच्या विजेत वाटा तीनेक टक्के. जुनी घोषणा आठवून मी गप्प बसतो.)

आता भाचीचा प्रश्न. आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर उभं राहा. दक्षिणेला तारापूरचं केंद्र. उत्तरेला डहाणूचं कोळशाचं वीज केंद्र, 500 मेगावॅट, 1995 पासूनचं. त्याचं धुरांडं पावणेतीनशे मीटर उंच. ते येऊ नये म्हणून चिकूच्या बागायतदारांनी आणि पर्यावरणवाल्यांनी केवढा लढा दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. धूर धुऊन सोडायचं यंत्र तिथे बसलं ते 2007 मध्ये. ते यंत्र गंधक धुतं, कार्बन डायऑक्साइड नाही. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या 2014 च्या अहवालात खाणीपासून मोडतोडीपर्यंतचा सगळा हिशेब धरून आकडे आहेत. एका युनिटमागे कोळशाचे 820 ग्रॅम, सौरचे 48, अणूचे 12, वाऱ्याचेही तेवढेच. म्हणजे एकाच किनाऱ्यावरची दोन केंद्रं, आणि हवेच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक.

तेव्हा तिन्ही विशेषणांत हे तिसरंच मला सगळ्यात खरं वाटतं. जर्मनीनं अणुभट्ट्या आधी आणि कोळसा नंतर असा क्रम लावला, तो मला उलटा वाटतो. भाचीला हे आवडणार नाही, पण ठीक आहे.

एवढं लिहून मी मोकळा झालो असतो. पण तो पोफरणचा मित्र. काही वर्षांपूर्वी बोईसर स्टेशनवर भेटला, चहा घेताना मी हेच 12 ग्रॅम-820 ग्रॅम त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "धूर नाही हे खरंय रे. पण माझं घर, विहीर, वडिलांची होडी लागायची ती जागा, हे किती ग्रॅम?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी बिस्किटं मागवली.

किनाऱ्यावरच्या मांगेला आणि कोळी लोकांचं गाऱ्हाणंही जुनंच आहे. केंद्र समुद्राचं पाणी घेतं आणि काही अंशांनी कोमट करून परत सोडतं. सुरक्षेसाठी समुद्राचा पट्टा जाळी टाकायला बंद. हे ग्रॅममध्ये येत नाही. जैतापूरला 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, पस्तीस अटींसह. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं. तिथल्या भट्ट्या आपल्या तारापूरच्या पहिल्या दोघींच्याच घराण्यातल्या, उकळत्या पाण्याच्या. एप्रिलमध्ये नाट्याला आंदोलनात गोळीबार होऊन एक तरुण गेला. तिथे 9,900 मेगावॅट व्हायचे होते. इतक्या वर्षांनंतरही भट्टीचं बांधकाम सुरू झालेलं नाही. तिथल्या माणसांना 'स्वच्छ' हा शब्द पटला नाही म्हणून नव्हे, तर तो शब्द उच्चारणारे लोक आपल्याला काही विचारत नाहीत हे त्यांना पोफरणवरून आधीच कळलं होतं म्हणून, असं मला वाटतं. जे स्वस्त होतं आणि मग स्वावलंबी होतं त्याच्याही पावत्या याच किनाऱ्यावर फाटल्या होत्या.

असो. काल रात्री भाचीला फोन लावला आणि एका वाक्याऐवजी पाऊण तास हे सगळं सांगितलं. ती बिचारी ऐकत होती. मग तिच्या लेकानं फोन घेतला. त्याचं मराठी अजून चांगलं आहे, थोडं जर्मन वळणाचं. त्यानं ग्रॅम वहीत लिहून घेतले होते. त्याला फक्त एक शंका होती.

"आजोबा, जिथे गरम पाणी येतं तिथे मासे आहेत की गेले?"

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बोईसरची गाडी पकडतो आणि दांडीच्या बंदरावर जाऊन विचारतो. पोफरणवाल्याला आत्ताच फोन केलाय. तो म्हणाला, सकाळी ये, भरती बघून.