‘विघटनशील’ प्लास्टिक आणि समुद्र

पळसदेवजवळ उजनीच्या जलाशयात पडलेली पिशवी पुराबरोबर भीमेतून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाऊ शकते. ती ‘विघटनशील’ असली तर समुद्रात तिचे काय होईल?

१९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान यांना एका जीवाणूच्या पेशीत पीएचबी हे बहुवारिक आढळले. आपण चरबी साठवतो, तसे जीवाणू ते साठवतात. साहजिकच ते तोडणारी विकरे समुद्रातील जीवाणूंकडेही असतात. म्हणून तिथे ते हळूहळू संपते. १९९० मध्ये त्याच कुळातील प्लास्टिकची शांपूची बाटली युरोपात विक्रीला आली, पण किंमत आड आली.

पुढे स्वस्त पीएलए आले. साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्याच्या रेणूंची साखळी म्हणजे पीएलए. पुणे जिल्ह्यातच, जेजुरीला, २०२४ मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. ही साखळी आधी पाण्याने तुटावी लागते, मगच जीवाणूंना तिचे तुकडे खाता येतात. ती लवकर तुटण्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात मिळते, समुद्रात नाही. तिथे पीएलए वर्षानुवर्षे टिकते.

तेव्हा ‘विघटनशील’ हा शब्द दिसताच विद्यार्थ्यांनी विचारावे : कुठे, किती तापमानाला आणि किती दिवसांत?