आठ मिलिमीटरचं छिद्र

प्रोस्टेटचं, गर्भाशयाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन रोबोटनं करून नगर जिल्ह्यातला माणूस पुण्याहून घरी येतो. पोटावर चार-पाच बारीक खुणा असतात, पंधरा दिवसांत तो हिंडू-फिरू लागतो. मग काही महिन्यांनी बेंबीजवळ मऊ गोळा दिसायला लागतो. खोकलं की फुगतो, आडवं झालं की आत जातो. डॉक्टर हर्निया म्हणतात आणि घरचे विचारतात, एवढ्या महागड्या यंत्रानं केलं तरी हे कसं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर रोबोटच्या कितीतरी आधी सुरू होतं.

पोटात छिद्र पाडून नळी घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. जलोदरात साठलेलं पाणी काढायला सुश्रुतसंहितेनं व्रीहिमुख नावाचं शस्त्र सांगितलं आहे. बेंबीखाली डावीकडे, मधल्या केसांच्या रेषेपासून चार अंगुळं सोडून भोसकायचं, अंगठ्याच्या रुंदीइतकं खोल जायचं आणि कथलासारख्या धातूची दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी बसवायची. सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये, हेही तिथंच बजावलं आहे. पोटात नळी बसवायच्या आजच्या साधनाचं, म्हणजे ट्रोकारचं, तत्त्व हेच.

त्या नळीतून दुर्बीण घालण्याची कल्पना मात्र विसाव्या शतकातली. जर्मनीत गेओर्ग केलिंगनं 1901 मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत पाहिलं, स्वीडनच्या याकोबेउसनं 1910 मध्ये माणसाच्या. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना दुर्बीण कळली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. ‘टाक्याचं की बिनटाक्याचं’ हा प्रश्न अजूनही कानावर येतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढे हे तंत्र लहान गावांच्या शल्यविशारदांपर्यंत नेण्यासाठी आयुष्य वेचलं. मोठा काप गेला, त्याबरोबर कापाचा मोठा हर्नियाही बराच कमी झाला. पण बारीक छिद्रातूनही आतडं बाहेर येऊ शकतं, हे 1968 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं.

अमेरिकेत दा विंची रोबोटला 2000 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. त्याचे बहुतेक पोर्ट, म्हणजे हत्यारं आत घालायच्या वाटा, आठ मिलिमीटरचे. दहा मिलिमीटर आणि त्याहून मोठं छिद्र आतल्या चिवट पडद्यासकट शिवावं, यावर आता फारसं दुमत नाही. आठचं छिद्र मात्र बहुतेक ठिकाणी फक्त कातडीला टाका घालून सोडतात आणि बहुतेकांना काही होत नाही. ज्यांना होतं त्यांच्याबाबतीत एक कारण यंत्राच्या रचनेत सापडतं. रोबोटचा हात पोटाच्या भिंतीतल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरतो. त्यासाठी नळीवर जाड काळा पट्टा असतो आणि तो बरोबर भिंतीच्या जाडीत बसावा लागतो. नळी आत-बाहेर सरकली की तो बिंदू सुटतो आणि खुंटी हलत राहिली की भिंतीचं भोक सैल व्हावं तसं ते छिद्र ताणलं जातं. रुग्णापासून दूर, नियंत्रणाच्या कन्सोलवर बसलेल्या शल्यविशारदाच्या हाताला हा ताण जाणवत नाही. म्हणून रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या साहाय्यकाची नजर मला यंत्राइतकीच मोलाची वाटते.

खरा मोठा धोका याहून वेगळ्या जागी आहे. कापलेला अवयव बाहेर काढायला एक छिद्र वाढवावं लागतं आणि सोयीचं म्हणून बरेचदा बेंबीजवळचंच वाढवतात. पोटाची मधली रेषा ही सगळ्यांत कमकुवत जागा. तोच अवयव ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून काढला तर हर्नियाचं प्रमाण कितीतरी कमी राहतं. शिवण्याची पद्धतही महत्त्वाची. नेदरलँड्समधल्या 560 रुग्णांच्या अभ्यासात (लॅन्सेट, 2015) उघड्या ऑपरेशनचा मधला छेद पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके घेऊन शिवला, तेव्हा वर्षभरानंतरचा हर्निया 21 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आला. शेवटची दहा-पंधरा मिनिटं घाईत उरकायची नसतात, हे यातून स्वच्छ दिसतं.

हर्निया झालाच तर जाळी बसवतात. इथं धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. रवींद्रनाथ टोंगांवकरांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड जांघेच्या हर्नियासाठी वापरलं आणि 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची बाजारातल्या जाळीशी तुलना झाली. वर्षभरानंतर दोन्हींत फरक आढळला नाही, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं.

पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड करणारी बाई ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. न शिवलेलं छिद्र तिच्या पोटात टिकेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिच्यासाठी ते शिवलंच पाहिजे.

घरी सोडताना विचारा, अवयव कुठून काढला आणि कोणती छिद्रं आतून शिवली; उत्तर कार्डावर लिहून घ्या. बारीक छिद्रात कधीकधी आतड्याची एकच कड अडकते. तेव्हा शौचाला होत राहतं, पण आतलं आतडं सडत असतं. म्हणून गोळा आत जाईना, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.